दोष गर्दीचा कीं दाराचा?

एखाद्या क्रीडांगणावर चेंगराचेंगरी होऊन माणसें दगावलीं, कीं दुसऱ्या दिवशीं आपण सहज बोलून जातों, ‘आपल्या लोकांस शिस्तच नाहीं!’ आम्हीही असेंच म्हणत असूं. परंतु इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं घडलेल्या एका अनर्थाची हकीकत वाचल्यापासून हें वाक्य आमच्या तोंडून निघेनासें झालें आहे.

ता. १५ एप्रिल १९८९ रोजीं तेथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांचा फुटबॉलचा सामना होता. लिव्हरपूलचे प्रेक्षक हजारों, आणि त्यांस एकेक करून आंत सोडणारीं फिरतीं दारें मात्र थोडीं. बाहेर दाटी अनावर झाली, तेव्हां खेळास ८ मिनिटें उरलीं असतां पोलिसांच्या हुकुमानें एक मोठें फाटक उघडण्यांत आलें. लोंढा समोरच्या बोगद्यांतून थेट मधल्या दोन कप्प्यांत शिरला. हे कप्पे आधींच तुडुंब भरले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे वळविण्यास बोगद्याच्या तोंडाशीं कोणीच उभें नव्हतें. पुढें लोखंडी जाळी, मागून रेटा! पुढचा गुदमरत आहे हें मागच्यास दिसणार कसें? खेळ ६ मिनिटांतच थांबला. पण एकंदर ९७ जीव गेले. त्यांतील शेवटचा जायबंदी इसम ३२ वर्षांनीं, २०२१ सालीं वारला.

प्रेक्षक दारू पिऊन आले, त्यांनींच फाटक फोडलें, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. न्यायमूर्ति टेलर यांनीं त्याच वर्षीं पोलिसांच्या व्यवस्थेवर मुख्य ठपका ठेविला. तरीही तो कलंक पुसण्यासाठीं मृतांच्या आप्तांस २७ वर्षें झगडावें लागलें. प्रेक्षकांच्या वर्तनाचा यांत दोष नाहीं, असा ज्यूरीचा निर्णय २०१६ सालीं मिळाला.

आपल्याकडेही ४ जून २०२५ रोजीं बंगळूर येथें क्रिकेटच्या विजयोत्सवांत मैदानाच्या दारांशीं ११ जण चेंगरून मेले. तेव्हांही बेशिस्तीची ओरड ऐकूं आली.

लग्नघरीं पानें किती मांडलीं हें पाहिल्याखेरीज आपण पंगतीस बोलावीत नाहीं. आणि जेवणाराची ताटकळ झाली तर यजमान स्वतः ओशाळतो, पाहुण्यास अधाशी म्हणत नाहीं. मैदानाच्या यजमानांसही हाच न्याय लावावा. दारें किती, जागा किती, वाट दाखविण्यास कोण उभें होतें, हे प्रश्न आधीं विचारावे. मेलेल्यांच्या माथीं दोष मारण्याची घाई करूं नये.