वाचल्याशिवाय सही नाही

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिक्षिका होती. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हाताखाली शिकल्या. मी तिच्या वर्गात कधी बसले नाही, मला तिनं शिकवलं ते घरात, भाकरी थापता थापता. आज बचत गटांचं काम करताना तिच्या तीन गोष्टी मला रोज उपयोगी पडतात. त्याच तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, कळलं नाही तर तिथंच विचारायचं. आत्या मुलांना "कळलं का?" असं विचारायची नाही. त्यावर सगळीच मुलं माना डोलावतात. ती म्हणायची, "आता तू मला सांग बघू." गटाच्या बैठकीत मीही तसंच करते. कर्जाचा ठराव झाला, की कोपऱ्यात गप्प बसलेल्या ताईंना म्हणते, "काय ठरलं, ते तुमच्या शब्दांत सांगा." मग ज्या शंका एरवी घरी जाताना वाटेत बोलल्या जातात, त्या बैठकीतच निघतात.

दुसरी गोष्ट, हिशोब तोंडी करायचा नाही, कागदावर मांडायचा. बाजारातून आल्यावर आत्या आधी वहीत खर्च लिहायची, मग पिशवी रिकामी करायची. कागदावर मांडल्यानं काय होतं, ते बघा. समजा, एका ताईंनी १०,००० रुपये कर्ज घेतलं. व्याज महिना २ टक्के, फेड दहा महिन्यांत, दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल. व्याज राहिलेल्या मुद्दलावर धरलं, तर पहिल्या महिन्याला २०० रुपये, दुसऱ्या महिन्याला १८०, तिसऱ्याला १६०, असं उतरत शेवटच्या महिन्याला २०. सगळं मिळून व्याज १,१०० रुपये. पण शेवटपर्यंत मूळ १०,००० वरच व्याज धरलं, तर दर महिन्याला २००, म्हणजे एकूण २,००० रुपये. दर दोन्हीकडे दोन टक्केच, पण फरक ९०० रुपयांचा! म्हणून कर्ज द्यायला कुणी दारात आलं, तर "किती टक्के?" एवढ्यावर थांबू नका. "व्याज कशावर धरणार? शेवटपर्यंत एकूण किती भरायचे?" हेही विचारा आणि लिहून घ्या.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. समोर कुणीही असो, वाचल्याशिवाय सही करायची नाही. आजोबा गेल्यावर माझ्या वडिलांनी आणि काकांनी हक्कसोडपत्र तयार करून आणलं. बहिणीनं साडीचोळी घ्यावी आणि सही करावी, ही आपल्याकडची रीत. आत्यानं चष्मा लावला, कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "दादा, मला आठ दिवस दे." घरात ते कुणाला रुचलं नाही. "तुला पगार आहे, पुढं पेन्शन आहे, जमीन कशाला?" असं सगळे म्हणाले. ती म्हणाली, "नको असेल तर मी देईन. पण काय देते, ते मला कळू दे." आठ दिवसांनी तिनं विहिरीजवळचं रान भावांना सोडलं आणि माळावरचे २० गुंठे स्वतःच्या नावावर ठेवले. माझे वडील दीड वर्ष तिच्याशी धड बोलले नाहीत. ती मात्र राखीला न चुकता आली. पुढं अबोला सुटला, आणि सातबाऱ्यावरचं तिचं नावही राहिलं.

मैत्रिणींनो, २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि तो जन्मापासून आहे. लग्न झालं म्हणून तो जात नाही. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवतात. एकदा नोंदलं की ते रद्द करणं सोपं नसतं, कोर्टाची पायरी चढावी लागते. भावाला हक्क सोडू नका, असं मी म्हणत नाही. सोडायचा की ठेवायचा, हे तुम्ही ठरवा. पण समजून ठरवा.

कागद समोर आला, की त्याची एक प्रत मागा आणि वेळ मागा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीच देऊ नका. वाचता येत नसेल, तर विश्वासातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. कायद्याची भाषा कळली नाही, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा. तिथं बाईला मोफत सल्ला मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात नाहीतर भावकीत एखादी शिक्षिका असतेच. येत्या बैठकीला तिला बोलवा. सध्या फेडत असलेल्या एखाद्या कर्जाचा कागद तिच्याकडून वाचून घ्या, आणि प्रत्येकीनं एक तरी प्रश्न विचारा.