कागदाचं वजन, माणसाची वर्षं

26 जूनचा अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला की शाळा-कॉलेजांत फलक लागतात, घोषणा होतात. गांजा, चरस, एमडी (मेफेड्रोन), एलएसडी सगळं एका दमात म्हटलं जातं. मुंबईतल्या चेंबूर-गोवंडीच्या पट्ट्यात खरा उच्छाद एमडीचा आणि झोपेच्या गोळ्यांच्या ‘बटन’चा आहे, आणि त्याबद्दल पोलिसांनी कितीही कडक व्हावं. पण एलएसडीच्या बाबतीत आपला कायदा एका विचित्र ठिकाणी अडकलाय, आणि त्याची किंमत कॉलेजातली पोरं मोजताहेत.

एलएसडी विकलं जातं टिपकागदावर. ताव द्रावणात भिजवायचा, वाळवायचा, त्यावर नखाएवढे चौकोन पाडायचे. एक चौकोन म्हणजे एक डोस. औषध इतकं सूक्ष्म की डोळ्यांना दिसतो तो निव्वळ कागद. आता प्रश्न असा, की तराजूवर ठेवायचं काय?

अमली पदार्थांसाठीच्या एनडीपीएस कायद्यानुसार एलएसडीची ‘अल्प मात्रा’ 0.002 ग्रॅमपर्यंत, तर ‘व्यापारी मात्रा’ 0.1 ग्रॅमच्या पुढे. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्ष. व्यापारी मात्रेला किमान 10 वर्षं, कमाल 20, आणि कलम 37मुळे जामीन जवळपास अशक्य. केंद्राने 2009मध्ये अधिसूचना काढून शुद्ध अंशाऐवजी अख्ख्या मिश्रणाचं वजन धरायला सांगितलं. 2020मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. पाठोपाठ 2021मध्ये, अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या प्रकरणातून निघालेल्या एका खटल्यात, न्या. रेवती मोहिते डेरे यांनी मुंबई उच्च न्यायालयात निकाल दिला: टिपकागद एलएसडीचा अविभाज्य भाग आहे, वजन कागदासकट.

अमेरिकेत हाच वाद 1991मध्ये चॅपमन खटल्यात झाला होता. हजार डोस, त्यात शुद्ध एलएसडी 50 मिलिग्रॅम, कागदासह वजन 5.7 ग्रॅम. तिथेही कागद मोजला गेला. हे आकडे आपल्या कायद्याला लावून पाहा. तसे 18 चौकोन धरले, तर शुद्ध एलएसडी भरतं 0.9 मिलिग्रॅम. म्हणजे अल्प मात्रा, फार तर एक वर्ष. कागदासह भरतात 102 मिलिग्रॅमच्या वर. म्हणजे व्यापारी मात्रा, किमान दहा वर्षं. एकच चौकोन बाळगणाराही कागदाच्या वजनाने अल्प मात्रेच्या बाहेर जातो. ताव जाड असेल तर गुन्हा मोठा! शेजारच्या, अणुशास्त्रज्ञांच्या अणुशक्तीनगरातल्या कुठल्याही रसायनतज्ज्ञाला विचारा, हा हिशेब त्याला पटायचा नाही.

अमेरिकेने 1993मध्ये निदान अर्धी वाट काढली. शिक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांसाठी कागद सोडून दर डोसमागे 0.4 मिलिग्रॅम धरायचं ठरलं. किमान सक्तीच्या शिक्षेला मात्र तिथेही कागद सुटलेला नाही.

वजनाचा हाच प्रश्न आपल्याकडे मशरूमच्या बाबतीत कसा सुटला बघा. सायलोसायबिन हे प्रतिबंधित द्रव्य ज्यात असतं, ते ‘मॅजिक मशरूम’ म्हणजे मिश्रण नव्हे, असं केरळ उच्च न्यायालयाने जानेवारी 2025मध्ये म्हटलं आणि आरोपीला जामीन दिला. म्हणजे एका राज्यात अळंबीचं वजन वगळायचं आणि दुसऱ्यात कागदाचं धरायचं. नेदरलँड्सनेही असाच घोळ घातलाय. 2008मध्ये मशरूमवर बंदी आली, पण त्याच बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी दुकानात राजरोस मिळत राहिल्या.

काही देशांनी वजनापलीकडे पाहिलंय. पोर्तुगालमध्ये 2001पासून दहा दिवसांपुरता साठा सापडला तर फौजदारी खटला होत नाही, प्रकरण समितीपुढे जातं. ऑस्ट्रेलियात जुलै 2023पासून परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञ हट्टी नैराश्यासाठी सायलोसायबिन देऊ शकतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2020मध्ये मतदानाने देखरेखीखालच्या सायलोसायबिन सेवेला मंजुरी दिली, पण त्याच मतदानात सगळ्या द्रव्यांच्या वैयक्तिक साठ्याला दिलेली सरसकट सवलत 2024मध्ये मागे घेतली. उपचाराचा दरवाजा तेवढा उघडा ठेवला. मला हे शहाणपणाचं वाटतं. आपण लगेच तिथवर जावं, असं माझं म्हणणं नाही. ही द्रव्यं खेळण्याची नव्हेत. कोवळ्या वयात, मनोविकाराचा घराण्यात इतिहास असताना ती घेणं घातक ठरू शकतं.

पण विकणारा आणि चाखणारा यांच्यातला फरक टिपकागदाने ठरू नये. त्यासाठी संसदेत विधेयकही लागत नाही. मात्रांचा तक्ता केंद्रीय अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग अधिसूचनेने ठरवतो, 2009चा बदलही तसाच झाला. एलएसडीपुरतं डोस मोजा, कागद वगळा, एवढी एक ओळ पुरे. चेंबूरच्या पालकांनी ही मागणी आपल्या खासदारांकडे लेखी करावी.