यंदाच्या सुट्टीत कोणता डोंगर गाठावा?

वार्षिक परीक्षा संपून निकाल हाती आला की संध्याकाळी टावर चौकात भेटणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, 'यंदा कुठे?' मुलांना थंड हवा हवी असते, वडिलांना खर्चाची काळजी असते, आईला सगळ्यांच्या जेवणाची, आणि आजी-आजोबा म्हणतात, 'तुम्ही जा, आम्ही घर सांभाळतो.' मग कोणीतरी सांगितलेले एखादे नाव नक्की होते, गाडी ठरते, आणि तिथे पोचल्यावर कळते की दुपारी तिथेही घाम येतोच. असे होऊ नये म्हणून थंड हवेचे ठिकाण कसे निवडावे याविषयी या अंकात थोडी माहिती देत आहोत.

आधी आपल्या गावाचा उन्हाळा समजून घेऊ. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी दुरुस्त करवून घेतलेली वेधशाळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. तेथील शंकू यंत्राची सावली २१ जूनच्या मध्यान्ही जवळजवळ नाहीशी होते. सूर्य तेव्हा अगदी डोक्यावर असतो, तरी आपल्याकडे सर्वांत जास्त उकाडा मे महिन्यात होतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात ढग आणि पाऊस येऊन जमीन थंड करतात. मे महिन्यात आकाश कोरडे असते आणि पारा चाळिशी ओलांडतो. माळव्याच्या रात्री मात्र पूर्वीपासून सुखद मानल्या गेल्या आहेत. 'शब-ए-मालवा' हे शब्द त्यामुळेच रूढ झाले. आता सिमेंटची घरे आणि डांबरी रस्ते दिवसभराची उष्णता रात्री परत सोडतात, म्हणून शहरातली रात्रही पूर्वीसारखी निवत नाही.

डोंगरावर थंड का असते? हवा मुख्यतः तापलेल्या जमिनीमुळे तापते. ती वर गेली की दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि थंड होते. साधारणपणे १००० मीटर चढल्यावर तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत मांडून पाहावे. उज्जैनची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ४९० मीटर आहे. ज्या गावी जायचे त्याच्या उंचीतून ४९० वजा करा, उरलेल्या मीटरांना ६.५ ने गुणा आणि १००० ने भागा. किती अंशांचा फरक पडेल याचा अंदाज मिळतो.

या हिशेबाने मांडूची उंची सुमारे ६३० मीटर, म्हणजे फरक एका अंशाहूनही कमी. मांडू सुंदर आहे, पण ते पावसाळ्यात पाहावे, मे महिन्यात नव्हे. पचमढी सुमारे १०६७ मीटरवर आहे, फरक पावणेचार अंशांचा. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा सुमारे १११८ मीटर आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ सुमारे ११५० मीटर, दोन्हीकडे चार अंशांच्या आसपास. माउंट अबू सुमारे १२२० मीटर, फरक पावणेपाच अंश. महाबळेश्वर १३७२ मीटर, फरक साडेपाच अंशांहून थोडा अधिक, आणि समुद्र फार दूर नसल्याने तिथले वारेही उपयोगी पडतात. हिमालयातील नैनिताल दोन हजार मीटरच्या वर असल्याने तिथे दहा अंशांचा फरक पडतो.

म्हणजे आपल्याकडे पारा बेचाळिसावर असेल, तर पचमढीतही दुपारी तो अडतिसाच्या जवळ असू शकतो. मग इतक्या लांब जाण्याचा फायदा काय? फायदा आहे, आणि तो सावलीत व रात्री कळतो. जंगलाची जमीन सिमेंटइतकी तापत नाही, झाडे पानांवाटे पाण्याची वाफ सोडतात, आणि सूर्य मावळला की उंचावरची जमीन लवकर निवते. सकाळ-संध्याकाळ फिरावे, दुपारी झोपावे आणि रात्री पंख्याशिवाय राहावे, असा बेत असेल तर ही गावे उत्तम. भर दुपारी 'पॉइंट' पाहत हिंडणार असाल, तर टावर चौक काय आणि पचमढी काय, ऊन ते ऊनच.

आता एकेका गावाकडे पाहू. पचमढी आपल्याला सर्वांत ओळखीची. एकोणिसाव्या शतकात कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी तिथे बायसन लॉज बांधले, आणि पुढे मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात तेथून चालू लागले. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगढ, सुमारे १३५० मीटर, तिथेच आहे. रस्त्याने देवास, भोपाळ, पिपरिया, मटकुली असे साधारण ४०० किलोमीटर पडतात. ज्यांना इतका प्रवास गाडीत बसून झेपत नाही, त्यांच्यासाठी नर्मदा एक्सप्रेस उज्जैनहून पिपरियापर्यंत जाते. तेथून पुढे सुमारे ५० किलोमीटर घाट आहे. अनेक ठिकाणे सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्याने वनखात्याची परवानगी आणि तिथली नोंदणीकृत जिप्सी लागते, हा खर्च आधीच धरावा.

चिखलदऱ्याला इंदूर, खंडवा, धारणी या वाटेने मेळघाटातून जाता येते. भीमाने कीचकाला मारून जिथे दरीत टाकले ती जागा हीच, अशी कथा आहे. जवळ गाविलगड किल्ला आहे आणि डोंगरावर कॉफीची झाडेही आहेत. तोरणमाळला सेंधवा, खेतिया, शहादा या बाजूने जावे. गर्दी कमी, तलाव शांत, पण घाट अवघड आणि सोयी साध्या. औषधाचे मोठे दुकान शहाद्याला लागते, हे लक्षात ठेवावे. अबूला रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर होतात, सोयी भरपूर आणि गर्दीही भरपूर. महाबळेश्वर लांब आहे, तरी ज्यांचे नातेवाईक पुण्याला आहेत त्यांनी वाटेत मुक्काम करून जायला हरकत नाही. माथेरान निवडणाऱ्यांनी आठवण ठेवावी की मोटारी दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे वृद्धांना कसे न्यायचे ते आधी ठरवावे.

अलीकडे 'चाकांवरचे घर', म्हणजे कॅरॅव्हॅन, हा प्रकारही आपल्याकडे ऐकू येतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. झोपायची, स्वयंपाकाची सोय गाडीतच असल्याने मोठ्या कुटुंबाला हे आकर्षक वाटते. पण पत्र्याचे छप्पर उन्हात फार तापते आणि वातानुकूलन रात्रभर चालवायला विजेची जोडणी लागते. म्हणून अशा गाडीसाठी रात्री खरोखर थंड होणारे गाव निवडणे हॉटेलात राहणाऱ्यांपेक्षाही जास्त गरजेचे आहे. शिवाय सपाट जागा, सावली, पाणी आणि वीज मिळेल असा तळ आधी फोन करून ठरवावा. जंगलात वाटेल तिथे रात्री थांबता येत नाही, चूलही पेटवू नये. मे महिन्यातल्या वाळलेल्या पानांना एक ठिणगी पुरते. घाटातल्या वळणांना लांब गाडी जड जाते, त्यामुळे तोरणमाळसारख्या ठिकाणी भाड्याची साधी प्रवासी गाडीच बरी.

घाट चढताना इंजिन तापू लागले तर सुरक्षित जागी थांबून ते निवू द्यावे, गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे, सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होऊ शकतात. मुलांना गाडीत पुस्तक वाचू देऊ नये, आवळासुपारी जवळ ठेवावी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे. ज्याचे अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. बंद गाडीत मुलाला किंवा वृद्धाला पाच मिनिटेही ठेवू नये. काचा लावलेली गाडी उन्हात भराभर तापते आणि अर्ध्या तासाच्या आत आतले तापमान पन्नाशीच्या पार जाऊ शकते. इन्सुलिन डिकीत ठेवू नये, थंड पिशवीत जवळ ठेवावे.

शेवटी निवडीचा एक साधा नियम सुचवतो. घरातल्या सर्वांत नाजूक माणसाला झेपेल ते गाव निवडावे. उकाड्याचा त्रास सर्वांत जास्त लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना होतो, आणि सहलीच्या यादीतून पहिले नाव गळते ते नेमके आजी-आजोबांचे. तापलेल्या घरात ते एकटे राहणार आणि बाकीचे थंड हवेत, हे बरे नाही. त्यांच्यासाठी एक मुक्काम वाढवावा, एक 'पॉइंट' कमी करावा. ते खरोखर येऊ शकत नसतील, तर दोन वेळा चौकशी करील असे शेजारी किंवा नातेवाईक आधी ठरवूनच निघावे.

आणखी एक. डोंगरावरच्या गावांत मे महिन्यात पाणी जपून वापरावे लागते. आपण पाहुणे आहोत हे लक्षात ठेवून बादलीने स्नान करावे आणि कचरा आपल्याबरोबर परत आणावा.

विद्यार्थी मित्रांनो, या वर्षी गाव ठरवताना उंचीचे गणित तुम्ही करा आणि घरच्यांना समजावून सांगा. जिथे जाल तिथे सकाळी सहाला आणि दुपारी दोनला तापमान लिहून ठेवा. शाळा उघडल्यावर ते सर्व आकडे एकत्र मांडून कोणाचा अंदाज खरा ठरला ते पाहू. सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा.