तुरुंगातल्या शिपायाची रजा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फ्लॉरेन्स नावाचं एक छोटं गाव आहे. त्याच्या आसपास राज्याचे आणि केंद्राचे मिळून डझनभर तुरुंग. कॅटरिना स्पिनॅरिस या मानसशास्त्रज्ञ 2000 च्या सुमारास तिथे राहायला गेल्या, तेव्हा समुपदेशनासाठी त्यांच्याकडे तुरुंगात नोकरी करणारी माणसं आणि त्यांच्या घरचे येऊ लागले. झोप लागत नाही. घरी आलं की बोलावंसं वाटत नाही. हॉटेलात गेलं तरी भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड करूनच बसायचं. पोरांशी बोलतानाही आवाज हुकमी. स्पिनॅरिसबाईंनी या लोकांसाठी ‘डेझर्ट वॉटर्स’ ही संस्था काढली. 2012 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी साडेतीन हजारांवर तुरुंग कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे 34 टक्के जणांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणं आढळली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात आपण ज्या आजाराचं नाव ऐकतो, तोच हा आजार.

या तणावाची मुळं त्यांनी तीन ठिकाणी शोधली. एक म्हणजे डोळ्यांदेखत घडणारी मारामारी, आत्महत्या, रक्त. दुसरं, रोजच्या कामाचा ताण: पाळ्या, गर्दी, अखंड सावधपणा. तिसरं मूळ कार्यालयातलं, म्हणजे वरिष्ठांची वागणूक, अपुरी माणसं, ऐनवेळी लादलेली ड्युटी. ऐकून नवल वाटेल, पण कैद्यांच्या भीतीपेक्षा या तिसऱ्या कारणाची तक्रार कर्मचारी अधिक करतात, असं अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

म्हणूनच नुसत्या शिबिरांवर माझा फारसा विश्वास नाही. वर्षातून एकदा योगासनं, एखादं व्याख्यान, वर एक प्रमाणपत्र, एवढ्यावर ‘वेलनेस’ उरकतं. अमेरिकेत त्यातल्या त्यात टिकलेला उपाय सहकाऱ्यांच्या आधारगटाचा. तुरुंगातल्याच काही कर्मचाऱ्यांना ऐकून घेण्याचं प्रशिक्षण देतात. आत काही भयंकर घडलं की त्यातला एक जण त्या पाळीवरच्या माणसाला गाठतो, चहा पाजतो, बोलतं करतो. बाहेरच्या डॉक्टरकडे जायला शिपाई कचरतो. फाईलवर नोंद झाली तर बढती अडेल, ही त्याची धास्ती काही उगीच नसते.

नॉर्वेने प्रश्नाच्या मुळाशीच हात घातला. तिथे तुरुंगाधिकारी व्हायचं तर आधी दोन वर्षांचं पगारी शिक्षण घ्यावं लागतं, त्यात मानसशास्त्र, कायदा आणि नीतिशास्त्रही येतं. 2010 मध्ये सुरू झालेल्या हाल्डेनच्या तुरुंगात कर्मचारी कैद्यांबरोबर जेवतात, खेळतात, गप्पा मारतात. ओळख असली की कुणाचं काय बिनसलंय ते आधीच कळतं आणि हाणामारीची वेळ कमी येते. कैद्याला माणसासारखं वागवलं की पहारेकऱ्यालाही घरी माणूस म्हणून परतता येतं, हा त्यांचा अनुभव. 2015 मध्ये नॉर्थ डकोटा राज्याचे अधिकारी हे पाहायला गेले आणि परत आल्यावर त्यांनी एकांतकोठडीचा वापर खूपच कमी केला.

आता आपल्याकडे पाहू. देशातल्या तुरुंगांत 2022 अखेर क्षमतेच्या सुमारे 131 टक्के बंदी होते आणि कर्मचाऱ्यांची जवळपास 30 टक्के मंजूर पदं रिकामी होती. सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असावा, असं 2016 ची आदर्श कारागृह नियमावली सांगते. संध्याकाळची वेळ डोळ्यांपुढे आणा. बंदी आत घेऊन बराकीला कुलूप लावायचं, डोकी मोजायची. एक आकडा जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून. जुळेपर्यंत पाळी सुटत नाही, घरी कुणी कितीही वाट बघत असो. 2020 च्या टाळेबंदीत तर महाराष्ट्रातल्या मोठ्या कारागृहांची दारंच बंद झाली आणि शिपाई-अधिकारी घरदार सोडून आळीपाळीने आतच राहिले. मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोडला बंदी आणि कर्मचारी मिळून शंभरावर लोकांना लागण झाली. तेव्हा डॉक्टर-पोलिसांसाठी आपण टाळ्या वाजवल्या, यांची आठवण फारशी कुणी काढली नाही.

शिबिरं अगदीच वाया जातात असंही नाही. किरण बेदींच्या काळात तिहारमध्ये एप्रिल 1994 मध्ये हजारावर बंद्यांनी सत्यनारायण गोएंकांच्या मार्गदर्शनाखाली विपश्यना केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी तुरुंगातल्याच काही कर्मचाऱ्यांना जयपूरला शिबिरासाठी धाडलं होतं, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. आधी पहारेकरी, मग बंदी, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

गोएंकांचं मुख्य केंद्र आपल्या इगतपुरीला आहे आणि शासकीय कर्मचाऱ्याला विपश्यनेसाठी रजेची सोयही राज्याने केलेली आहे. पण दहा दिवस शिपाई इगतपुरीला गेला तर त्याच्या बराकीवर कोण? बदली माणूस नसला की अर्ज अधीक्षकांच्या टेबलावरच राहतो. न्यायमूर्ती मुल्लांच्या समितीने 1983 मध्येच तुरुंग सेवेसाठी स्वतंत्र अखिल भारतीय केडर मागितलं होतं, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि सेवाशर्ती सुधारायला सांगितल्या होत्या. ते केडर अजून झालेलं नाही. पोलीस भरतीबरोबर कारागृह शिपायांच्याही जागा निघतात, तेव्हा आमदारांनी सभागृहात एवढं तरी विचारावं: यातल्या किती जागा रजेवर जाणाऱ्यांच्या बदलीसाठी राखून ठेवल्या आहेत?