क्लिप कोण घडवणार?

हाताने घडवलेलं म्हणून जे फाउंटन पेन आपण कौतुकाने विकत घेतो, त्यातल्या धातूला कारागिराचा हात लागलेला असतोच असं नाही. नळी, टोपण, बोटांत धरायचा भाग हे सगळं एबोनाइटच्या किंवा अॅक्रिलिकच्या दांड्यातून लेथवर उतरतं आणि त्यात खरी कारागिरी असते. पण क्लिप आणि टोपणाची कडी बहुतेक वेळा बाजारातून येते. निब जर्मनीच्या योवो, बॉक किंवा श्मिटची. देशी हवी तर नागपूरच्या कॅनराइटची. म्हणजे खिशाला अडकतो तो भाग आणि कागदाला टेकतो तो भाग, दोन्ही कारखान्याचे.

सुरुवात अशी नव्हती. १६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांच्या पेनाची पोच दिली आणि बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय आहे असा अभिप्राय कळवला. रत्नम मूळचे सोनारकामातले. स्वदेशी पेन जन्माला आलं ते धातू ओळखणाऱ्या हातातून.

निबचं सोडून देऊ. तिच्या टोकावरचा दाणा जेमतेम मिलिमीटरभर, ऑस्मियम-रुथेनियमसारख्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा. तो स्टीलवर किंवा सोन्यावर जोडणं घरच्या बाकावर होत नाही. फार तर घासून त्याचा आकार बदलता येतो. क्लिप मात्र अथपासून इतिपर्यंत हाताची होऊ शकते. लागतं काय? वाईस, हॅक्सॉ, दोन-तीन कानशी, हातोडी, पक्कड, पॉलिश पेपर आणि गॅसची ज्योत.

पहिली फसगत माल निवडताना होते. लेथच्या शॉपमध्ये उरलेला पितळी सळईचा तुकडा सहज मिळतो, पण ते बहुधा शिसं घातलेलं पितळ असतं. कापायला लोण्यासारखं, वाकवलं की तडकणारं. क्लिपला हवा पत्रा, मिलिमीटरभर जाडीचा, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त अशा प्रमाणाचा. पट्टी पत्रा लाटल्याच्या दिशेने लांब कापायची, म्हणजे घडी त्या दिशेला आडवी पडते. उलट केलं तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला बारीक भेगा उमटतात. असा पत्रा पूर्वी कुदळवाडीच्या भंगार गोदामांत धुंडाळता यायचा. ती गोदामं २०२५च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडली. आता इथून, देहूरोडहून, लोकल पकडून पुण्याला बोहरी आळीत जायचं.

मग कानस. ती पुढे जाताना कापते, मागे आणताना दाब सोडायचा. नवी कानस आधी पितळेवर चालवायची, धार मंदावली की लोखंडाला द्यायची. लोखंडावर झिजलेली कानस पितळेवर नुसती घसरते. दातांत कीस अडकू नये म्हणून खडू घासायचा. पट्टीला टोकाकडे निमुळता उतार दिला की ती तापवायची, तीही सावलीच्या कोपऱ्यात, कारण मंद लाल रंग उजेडात दिसत नाही. फार तापवलं तर जस्त उडतं, पांढरा धूर निघतो. तो धूर हुंगण्यासारखा नाही, खिडकी उघडी हवी.

निवलेली पट्टी हवी तशी वाकते, पण मऊ क्लिप खिसा धरत नाही. म्हणून घडीची जागा सोडून बाकीच्या पट्टीवर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे हलके, सारखे ठोके द्यायचे. ठोक्यांनी धातू घट्ट होतो आणि त्याला स्प्रिंग येते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं मठारकाम ते हेच. घंगाळावरच्या त्या ठोक्यांना आपण नक्षी समजतो. पातळ पत्र्याला ताठपणा त्यांनीच येतो.

शेवटी पेपर: २२०, ४००, ६००, १०००, २०००. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा काटकोनात बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते लगेच कळतं. मग ब्रासो. घाई करून बफवर धरलं की कडा गोल होतात. माझ्या मते हातची क्लिप आणि बाजारची क्लिप यांत खरा फरक त्या कडेचाच आहे. एक पथ्य मात्र पाळायचं: पितळ शाईच्या वाटेत येऊ द्यायचं नाही. आयर्न गॉल शाई आम्लधर्मी असते, ती पितळ खाते.

हे देहूरोडहून लिहितो आहे त्याला कारण आहे. १९८४ पासून इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या छत्राखाली. चौफेर तळवडे, चिखली, भोसरी, चाकण अशी कारखान्यांची गावं. या पट्ट्यात माणसं मायक्रॉनमध्ये बोलतात. तरी दहा क्लिपा कोणी करून देणार नाही. प्रेसवर क्लिप पाडायची तर आधी डाय हवी आणि डायचा खर्च निघायला हजारो नग हवेत. छोट्या पेनवाल्याचं गणित तिथेच अडतं, आणि तो तयार क्लिपांकडे वळतो.

हात मात्र इथे आहेत. आयटीआयमध्ये फिटरचा विद्यार्थी सुरुवातीचे कितीतरी दिवस लोखंडी तुकडा कानशीने घासून गुण्यात आणत असतो. सर माप तपासतात, गुण देतात, तुकडा भंगारात जातो. त्या सरावानंतर एक काम पितळी क्लिपचं का असू नये? त्यात कानस आहे, तापवणं आहे, वाकवणं आहे, फिनिशिंग आहे. मोरवाडीच्या, औंधच्या आयटीआयतल्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावं. पुण्यातल्या पेन घडवणाऱ्यांनीही दहा-दहा क्लिपांचं काम घेऊन त्यांच्या दारात जावं, आणि मजुरी विद्यार्थ्याची नव्हे, कारागिराची द्यावी.