दाखला काढायला आलेला मुलगा

जुलै महिन्यात आमच्या कॉलेजात दोन गोष्टींचा वर्षाव व्हायचा असतो. एक पावसाचा आणि दुसरा अर्जांचा. आमचा भाग सोलापूर जिल्ह्यातला. त्यामुळे पाऊस एखाद्या वर्षी पाठ फिरवतो. अर्जांनी मात्र आम्हाला कधी दगा दिलेला नाही. फी उशिरा भरण्याचा अर्ज, विषय बदलण्याचा अर्ज, ओळखपत्र हरवल्याचा अर्ज. शुद्धलेखनाच्या इतक्या चुका सोसून मी त्यांवर सह्या करतो की, माझ्या एम्. ए. च्या गुरूंनी पाहिले असते तर मला पुन्हा पहिल्या वर्षाला बसवले असते. यंदाच्या जुलैत त्या ढिगात एक अर्ज असा आला की, त्यावर मला सही करवली नाही.

अर्ज कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा होता. अर्जदार बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाला नुकताच आलेला. नाव सांगण्याचे कारण नाही. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसणारा, सकाळच्या पहिल्या तासाला डुलक्या घेणारा मुलगा. त्या डुलक्यांवर मी एकदोनदा विनोदही केला होता. वर्ग हसला होता, आणि तोही हसला होता.

"का रे, दाखला कशाला?"

"पुण्याला जातोय सर. कामाला. मावसभाऊ आहे चाकणला."

मी पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. त्याला एक कारण होते, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यात स्वारगेटला मी एस्. टी. ची वाट पाहत उभा असताना एक टेम्पो शेजारी थांबला आणि चालक उतरून माझ्या पाया पडला. माझा जुना विद्यार्थी. टेम्पो स्वतःचा, हडपसरला दोन खोल्या, मुलगी शाळेत. एकूण छान चाललेले. चहा पिता पिता तो म्हणाला, "सर, माझे दोनच पेपर राहिले होते. तुम्ही दाखल्यावर सही केलीत ती अर्ध्या मिनिटात. 'का चाललास?' एवढे विचारले असते ना, तर मी तिथेच रडलो असतो, आणि बहुतेक राहिलो असतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मला काही तरी उत्तर देता आले असते.

तेव्हा या खेपेस मी पेन खिशात ठेवले आणि त्या मुलाला म्हटले, "बस."

हळूहळू हकिगत निघाली. वडील बाजार समितीत हमाली करीत. पाठीच्या दुखण्याने दोन वर्षांपासून ओझे उचलणे बंद. आई शिवणकाम करते. धाकटी बहीण बारावीत, आणि ती याच्यापेक्षा हुशार आहे, असे याचेच मत. हा संध्याकाळी पाच ते रात्री साडेदहा एका औषधांच्या दुकानात काम करतो. पगार सहा हजार. हजार स्वतःला लागतात, पाच हजार आईच्या हाती देतो. पुण्याला पंधरा हजार मिळतील, असे मावसभावाने कळवले होते. म्हणजे दरमहा घरी दहा हजार. वडिलांचे औषध, बहिणीचे कॉलेज, सारे त्यात बसत होते.

मी म्हटले, "आपण हिशेब मांडून पाहू." त्याच्याच अर्जाच्या पाठीमागे आम्ही तो मांडला. मावसभावाला फोन लावून एकेक आकडा विचारला. पंधरा हजारांतून कापून हातात पडणार चौदा. खोलीत चौघांत एक कॉट, तिचे तीन हजार. मेसचे दोन वेळचे बत्तीसशे. जाणे-येणे सहाशे, मोबाईल तीनशे, साबण-तेल-दवापाणी सातशे, महिन्यातून एकदा गावी यायचे म्हटले तर आणखी सातशे. एकूण साडेआठ हजार. उरले साडेपाच. आज तो घरी पाच देतो. म्हणजे पुण्याला जाण्याचा महिन्याचा नफा रुपये पाचशे!

शिवाय खोलीचे डिपॉझिट वेगळे. पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला. म्हणजे एक तारखेला कामावर लागलेल्या माणसाने पहिले चाळीस दिवस काय खायचे, हा प्रश्न आहेच. नवे शहर माणसाची परीक्षा घेते ती या चाळीस दिवसांत. मी स्वतः एम्. ए. साठी पुण्याला आलो, तेव्हा पहिल्या महिन्यात मेसचे कार्ड आणि खोलीचे भाडे भरल्यावर माझ्यापाशी परतीच्या तिकिटाचे पैसेही उरले नव्हते. घरच्या मनीऑर्डरवर निभावले. या मुलाकडे ती मनीऑर्डर येणार नव्हती. त्यालाच ती पाठवायची होती.

आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याच्या मनातले पुणे म्हणजे कॉलेजे, वाचनालये, अभ्यासिका. काम करीत करीत तिथे पुढचे शिकू, असा त्याचा बेत. पण चाकण शहरापासून तीसेक किलोमीटरवर. बारा तासांची पाळी, तीही एका आठवड्यात दिवसाची आणि दुसऱ्या आठवड्यात रात्रीची. नेमणूक कंपनीची नव्हे, ठेकेदाराची. अशा माणसाला पुण्याची वाचनालये आपल्या गावाइतकीच लांब.

मला वाटले, हिशेबाने काम झाले. मास्तरांना हिशेब जिंकल्याचा आनंद फार लवकर होतो. पण मुलगा कागदाकडे पाहत म्हणाला, "सर, पाचशेचा प्रश्न नाही. तिथे दोन वर्षांनी चौदाचे अठरा होतील. इथे सहाचे सात कधी होणार? आणि दोन पेपर गेलेत. घरी वाटते, मी कॉलेजच्या नावाखाली वेळ काढतोय."

हे उत्तर खोडून काढणे मला जमले नाही. 'आधी पदवी घे, मग सारे होईल' हे वाक्य माझ्या ओठांवर होते. ते मी गिळले, कारण पदवी घेऊनही काही न झालेली मुले मी दरवर्षी पाहतो.

मग मी विचारले, "पेपर का गेले?" तो म्हणाला, "परीक्षेच्या आठवड्यात दुकानात दुसरा मुलगा नव्हता. साडेदहाला सुटायचो. वाचायला बसलो की झोप लागायची."

दुकानाचे नाव ऐकून मी चपापलो. माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी त्याच दुकानातून आणतो, आणि बहुधा रात्री नवानंतरच. काउंटरपलीकडून हाच मुलगा मला गोळ्या देत आला होता आणि मी सुट्या पैशांकडे पाहत होतो. सकाळी वर्गात ज्याच्या डुलकीवर विनोद केला, तो रात्री कोणामुळे जागा होता, याचे उत्तर मला मिळाले.

या देशात गरीब मुलगा शिकण्यासाठी घर सोडतो, ही काही नवी गोष्ट नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले, आणि अंगाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे मुंबईत शिकवण्या करीत करीत ते १८८४ साली पदवीधर झाले. असे दाखले आपण मुलांना मोठ्या हौशीने देतो. पण त्या काळी अशा मुलाला धरून ठेवणारे काही तरी समाजात होते, हे सांगायला विसरतो. 'वार' लावून जेवण्याची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे मिळून एक मुलगा शिकवीत. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले. तेच पुढे पुणे विद्यार्थी गृह झाले.

वाराची ती ताटे सर्व जातींच्या मुलांसाठी नव्हती, हेही खरेपणाने सांगितले पाहिजे. म्हणून तर राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' हा मंत्र कॉलेजशिक्षणाला लावला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली मुंबईत सुरू झाले, ते सकाळी भरे. कारण मुलांना दिवसा नोकरी करता यावी. घड्याळ मुलाच्या सोयीने फिरवणारे कॉलेज ही केवढी मोठी गोष्ट! पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, ती खेड्यातून आलेल्या मुलांना आजही आसरा देते.

सोयी आजही आहेत. १९८९ पासून नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ घरी राहून, काम करून शिकण्याची वाट देते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या रस्त्यात थांबे ठेवले आहेत. २०२१ पासून अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाची एक खतावणी आहे. तीत विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक ठरावीक मुदतीपर्यंत जमा राहतात, म्हणजे मध्ये थांबलेल्याला पुन्हा पहिलीपासून गिरवावे लागत नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पण या साऱ्या सोयी संगणकाच्या पडद्यामागे बसलेल्या. त्यांची दारे कोणती आणि कोणत्या तारखेपर्यंत उघडी, हे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. मीही नव्हते, आणि ती परिपत्रके माझ्याच टेबलावरून गेली होती.

त्या रात्री मी गोळ्या संपलेल्या नसताना दुकानात गेलो. मालकांना म्हटले, "तुमच्याकडचा हा मुलगा माझा विद्यार्थी." ते म्हणाले, "ठाऊक आहे सर. चांगला आहे, पैशाला स्वच्छ आहे."

"परीक्षेच्या आठवड्यात त्याला सुटी मिळाली असती, तर तो पास झाला असता."

मालकांनी चष्मा काढला. "सर, परीक्षा केव्हा असते, ते मला कोणी सांगितले? तो बोलला नाही. तुम्ही इतकी वर्षे इथे येता. तुम्हीही बोलला नाहीत."

माणूस वाईट नव्हता. ऑक्टोबरातल्या परीक्षेच्या आधीपासून पंधरा दिवस त्याला नऊ वाजता सोडीन, पेपरच्या दिवशी सुटी देईन, पगार कापणार नाही, असे त्यांनी त्याच्यादेखत कबूल केले. मुलगा जिभेच्या भिडेने बोलला नव्हता, मालक कामाच्या घाईत विचारायचे राहिले होते आणि सर विनोद करण्यात गुंतले होते. तिघांमध्ये मिळून एका मुलाचे वर्ष जाणार होते.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना मी हे एवढे लांबवून सांगतो आहे, कारण हा मुलगा आज ना उद्या तुमच्याच शहरात येणार आहे. तुमच्या दाराशी जेवणाचा डबा घेऊन येणारा, तुमच्या सोसायटीच्या फाटकावर रात्री पुस्तक झाकून उभा राहणारा, तुमच्या कचेरीत ठेकेदारामार्फत लागलेला मुलगा हाच असतो. आपल्या आजोबांच्या घरी कदाचित एखादा वार असेल. आपल्या घरावर पाटी असते, 'जागा भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिलीसाठी'. कोणाला रोज जेवू घाला, असे मी म्हणत नाही. ते दिवस गेले, आणि मुलांनाही उपकाराचे ताट नको असते. पण 'तू शिकतोस का? परीक्षा केव्हा? फॉर्म भरलास का?' हे तीन प्रश्न विचारायला स्वयंपाकघरातला डबा उघडावा लागत नाही. ज्याच्या हाताखाली असा मुलगा आहे, त्याने परीक्षेचा आठवडा सोडला, तर एका वाराचे पुण्य पदरी पडेल.

आणि ज्यांच्या घरातून मुलगा बाहेर पडतो आहे, त्यांनी त्याला अडवू नये. पण निघण्यापूर्वी एक रात्र त्याच्याबरोबर बसावे. नेमणूक कोणाची, पाळी किती तासांची, पहिले चाळीस दिवस कशावर काढणार, आणि आजारी पडला तर दार ठोठावायला एक पत्ता आहे का, हे कागदावर लिहून घ्यावे. राहिलेल्या पेपरांचे फॉर्म भरून मगच त्याला गाडीत बसवावे. पुढे गेलेल्या मुलाला मागे येण्याची वाट उघडी असली, की तो पुढेही धिटाईने जातो.

आठ दिवसांनी तो मुलगा पुन्हा आला. पुण्याचा बेत त्याने सोडलेला नाही. मावसभावाला त्याने एवढेच कळवले की, दिवाळीपर्यंत थांब. दोन्ही पेपरांचे फॉर्म भरले. बहिणीने त्याला वेळापत्रक करून दिले आहे, आणि ते मोडल्यास आईकडे तक्रार जाते, असे तो हसत हसत सांगत होता. या वेळचे त्याचे हसू वर्गातल्या हसण्यासारखे नव्हते.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा त्याचे पेपर होऊन गेले असतील. तो पास होईल का, मग चाकणला जाईल की तिसरे वर्ष पुरे करील, हे मला सांगता येत नाही; ते त्याने ठरवायचे आहे. त्याचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरच्या बाजूला दाखल्याची विनंती, पाठीमागे साडेआठ हजारांचा हिशेब. त्याच्यावर मी सही केलेली नाही आणि तो फाडलेलाही नाही. दिवाळीनंतर तो मागायला आला, तर सही करीन. पण आधी त्याला बसायला सांगेन.