परतणारे मन : अवधानाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्ञानेंद्रियांकडून अखंड येत राहणाऱ्या असंख्य संवेदनांतून मोजक्यांची निवड करून मनाची मर्यादित शक्ती त्यांच्याकडे वळवण्याच्या प्रक्रियेला अवधान म्हणतात. इ.स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांकडे अवधान मागूनच होतो, कारण ऐकणाऱ्याचे चित्त जागेवर नसेल तर सांगणाऱ्याचे सारे श्रम वाया जातात. या शक्तीविषयी मात्र काही गैरसमज आजही रूढ आहेत.

गैरसमज १ : डोळ्यांसमोरची गोष्ट दिसतेच.

वस्तुस्थिती : डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना चित्रफितीतील खेळाडूंनी एकमेकांकडे किती वेळा चेंडू टाकला हे मोजायला सांगितले होते, त्या मोजणीत गुंतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना खेळाडूंच्या मधून चालत गेलेली, गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती दिसलीच नाही. नजर असूनही लक्ष नसल्यामुळे वस्तू न जाणवण्याच्या या स्थितीला अनवधानजन्य अंधत्व म्हणता येईल. पानावरून नुसती नजर फिरवल्याने वाचन का होत नाही, हेही यावरून समजते.

गैरसमज २ : माणसाचे लक्ष जेमतेम आठ सेकंद, म्हणजे गोल्डफिश माशापेक्षाही कमी वेळ टिकते.

वस्तुस्थिती : अशी सर्वांना लागू पडणारी मुदत कोणत्याही संशोधनाने सिद्ध केलेली नाही. लक्ष किती टिकेल हे कामाचे स्वरूप, त्यातील रस, झोप आणि थकवा यांवर अवलंबून असते. रडारवर पहारा देणाऱ्यांच्या चुकांचा शोध घेताना नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की, क्वचितच दिसणाऱ्या खुणेची एकसुरी वाट पाहत राहिल्यास अचूकता पहिल्या अर्ध्या तासातच घसरू लागते. म्हणून अशा कामात वेळेवर विश्रांती घेणे ही आळसाची खूण नसून कामाचीच गरज असते.

गैरसमज ३ : सरावाने एकाच वेळी अनेक बौद्धिक कामे करता येतात, अष्टावधानी माणसे हेच करतात.

वस्तुस्थिती : दोन विचारप्रधान कामे एकत्र चालली आहेत असे वाटते, तेव्हा मन बहुधा एका कामावरून दुसऱ्यावर वेगाने उड्या मारत असते आणि प्रत्येक उडीला वेळ व अचूकता यांची किंमत मोजावी लागते. तेलुगू आणि संस्कृत साहित्यपरंपरेतील अष्टावधानाचा प्रयोग पाहिला, तर तेथेही हाच क्रम दिसतो. आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, आळीपाळीने कोडी घालतात, कोणी मध्येच अप्रस्तुत बोलून विक्षेप आणतो, आणि अवधानी प्रत्येक फेरीत एकेका श्लोकाचा एकेक चरण रचून शेवटी सर्व श्लोक स्मरणातून सलग म्हणून दाखवतो. या अंतिम टप्प्याला धारणा म्हणतात. अवधानीचे कौशल्य आठ ठिकाणी एकदम असण्यात नसते. सोडलेल्या जागी नेमके परतण्यात असते.

गैरसमज ४ : एकाग्र माणसाचे मन भरकटत नाही, ज्याचे भरकटते त्याला ती देणगीच नाही.

वस्तुस्थिती : मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिवसभरात अधूनमधून विचारणा केली असता, सुमारे ४७ टक्के वेळा लोकांचे मन हातातल्या कामाबाहेर असल्याचे आढळले. भरकटणे हा मनाचा स्वभावच आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्तवृत्तींच्या निरोधासाठी अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले असून, अभ्यास म्हणजे चित्त स्थिर करण्यासाठी पुनःपुन्हा केलेला प्रयत्न होय. काहींच्या बाबतीत लक्ष न लागण्यामागे अवधान-न्यूनता व अतिचंचलता हा मेंदूच्या विकासाशी निगडित विकार असतो. तेथे बोल लावण्याऐवजी तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.

म्हणून एकाग्रतेचे मोजमाप मन किती वेळा सुटले यावर करू नये. मन सुटल्याचे ध्यानात येणे आणि त्याच्यावर न रागावता त्याला पुन्हा कामावर आणणे, हाच अवधानाचा खरा अभ्यास आहे, आणि विद्यार्थ्यांना तो आवर्जून शिकवला पाहिजे.